कुंद्याच्या डब्यातला नमुना

"डॉक्टर, रॉकी दोन दिवस झाले जेवणाकडं बघीनाच. शी पण काळी काळी करालाय." हिंदवाडीतल्या काकांचा सकाळी सकाळी फोन. गणपती होऊन गेले होते, पावसाची उघडझाप चालू होती. अशा हवेत कुत्र्याची शी काळी म्हटली की आतड्यात रक्त जात असणार, हा पहिला संशय. येताना ताजा नमुना आणा, सुपारीएवढा पुरे, असं सांगितलं.

तासाभरात टिळकवाडीतल्या माझ्या दवाखान्यासमोर गाडी थांबली. काका पुढं उतरले. मागून वर्षभराचा लॅब्रॅडॉर, आणि त्याचा पट्टा धरून त्यांच्याकडं धुणंभांडी करणारी बाई. काकांच्या घरासमोर एका प्लॉटवर बांधकाम चाललंय, तिथल्या वॉचमनची ही बायको. तिच्या पदराला धरून चारेक वर्षांचा पोरगा. बाईच्या दुसऱ्या हातात बेळगावी कुंद्याच्या मिठाईचा रिकामा डबा, वरून रबर लावलेलं. नमुना त्यात. तो कुणी गोळा केला हे विचारावं लागलं नाही. डब्याला वाळू लागलेली होती, तिच्या नखांतही.

रॉकीचा ओठ वर करून बघितला. हिरड्या गुलाबी हव्यात, ह्याच्या पार पांढऱ्या पडलेल्या. नमुन्यातला थोडा भाग मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवून गाळला, नळी काठोकाठ भरून वर काच ठेवली. जंतांची अंडी त्या पाण्यापेक्षा हलकी, ती वर येऊन काचेला चिकटतात. पंधरा मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर जिकडं नजर जाईल तिकडं लांबट, पातळ कवचाची, आत पेशींचे गोळे असलेली अंडी. हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी. हे आतड्याला चावा घेऊन रक्त पितात, आणि एकेक मादी रोज हजारोंनी अंडी घालते. काकांना डोळा लावायला सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले. "लहानपणी एकदा जंताचं औषध दिलंय की ह्याला."

"रोज फिरायला कुठं नेता?"

"लांब कुठं नेतो? समोर वाळूचा ढीग पडलाय. तिथं सोडला की दोन मिनिटांत मोकळा."

तेवढ्यात पोरगा एका पायानं दुसरा पाय खाजवायला लागला. घोट्याच्या खाली गेरू फासलेला. विचारलं तर बाई म्हणाली, "सर्पसुत्तु अंतार्री सर." कन्नडमध्ये सर्पसुत्तु म्हणजे नागीण. शेजारणीनं तसं सांगितलेलं, एकाकडून गेरू मंत्रून आणलेला. विळखा पुरा झाला की पोर हातचं जाईल, ही भीती तिच्या तोंडावर दिसत होती. कापूस ओला करून गेरू पुसला. खाली दोऱ्याएवढी लाल, उंचावलेली रेघ, तळव्याच्या कडेनं वळणं घेत गेलेली, टोकाला बारीकसा फोड. नागिणीत फोडांचे घोस येतात, एका पट्ट्यात. ही रेघ रोज थोडी थोडी पुढं सरकत होती, हे आईनंच सांगितलं. पोरगा दिवसभर खेळतो कुठं? त्याच वाळूत, अनवाणी.

मी माणसांचा डॉक्टर नाही. पण कुत्र्याच्या हुकवर्मची अळी माणसाच्या कातडीत शिरली की वाट चुकल्यासारखी वरच्या थरातच फिरत राहते, हे आम्हाला शिकवलेलं असतं. चिठ्ठी लिहिली: घरासमोरच्या कुत्र्याला हुकवर्म आहे, मुलगा त्याच वाळूत खेळतो. ती घेऊन त्वचारोगाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. बाईला कन्नडमध्ये समजावलं, जिवाला धोका नाही, गोळीनं जातं. संध्याकाळी त्या डॉक्टरांचा फोन आला, निदान तेच, अल्बेंडाझोल दिलंय.

पण त्याआधी काका माझ्याशी भांडून घेतलेच. "गल्लीत एवढी भटकी कुत्री घाण करतात, ते चालतं, आमच्या एकट्याच्या रॉकीचंच काय काढालाय?" हा युक्तिवाद मला तोंडपाठ आहे. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सकाळी कुत्री घेऊन येणारेही हेच ऐकवतात, आणि त्यांच्या मागून चालणारे बुटाचे तळ गवताला घासत असतात. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न आहेच, नाही कोण म्हणतो? पण ह्या ढिगावर रोज ठरल्या वेळी कोण जातं, ते काकांनीच सांगितलं होतं.

लोकांना ही निव्वळ शिस्तीची गोष्ट वाटते, म्हणून चिडतात. खरी गोष्ट वेळेची आहे. ताज्या शीतून हुकवर्म कुणाला लागत नाही. अंडं फुटायला उबदार ओलीत एक-दोन दिवस, आणि अळी कातडीत शिरण्याजोगी व्हायला साधारण आठवडा. गोल जंतांच्या अंड्यांना तर दोन ते चार आठवडे लागतात. पण एकदा तयार झाली की ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि पोरांच्या हातातून तोंडात गेली तर त्यातली अळी डोळ्यापर्यंतसुद्धा पोचते. म्हणजे त्या दिवसाची त्या दिवशी उचलली तर ह्यातलं काहीच घडत नाही. पिशवी उलटी करून हातात घालायची, उचलायचं, सुलटी करून गाठ मारायची. टेबलावर करून दाखवलं, दहा सेकंद लागले.

काका पिशवीकडं बघत म्हणाले, "हे मी करू? त्याला महापालिकेची बाई येते की."

कंबर दुखते म्हणाले असते तर समजलो असतो. ज्या कुत्र्याला बिछान्यात घेऊन झोपतात त्याचं उचलायला दुसऱ्या कुणीतरी वाकायचं, आणि ते कुणी, हेही आपल्याकडं न बोलता ठरलेलं असतं.

रॉकीला तीन दिवसांचं जंताचं औषध, लोहाचं टॉनिक, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. वाळूचा वरचा थर काढून उरलेली उन्हात पसरायला सांगितली, कोरडेपणात ह्या अळ्या तग धरत नाहीत. पोराला चप्पल घ्या म्हटलं. ती काकांनी त्याच दिवशी घेतली, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं.

पुढच्या तपासणीला नमुना झाकणाच्या बाटलीत आला, वर तारीखवार. एक अंडं नाही. हिरड्या गुलाबी. काका खुशीत होते. "आता वाळूत घाण नसते बघा डॉक्टर. बाईचा पगार वाढवलाय, रॉकीच्या मागनं तीच पिशवी घेऊन जाते." बाई दारात पट्टा धरून उभी होती, पोरगा पायरीवर नव्या चपलेत.

मी कपाटातून हातमोज्यांचा डबा काढून तिला दिला, आणि त्याचे पैसे काकांच्या बिलात लावले.