गर्दी काढू नका

जुन्या कॅसेटी घेऊन आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांची मागणी एकच असते : खरखर काढा, आवाज स्वच्छ करून द्या. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातून आलेल्या एका गृहस्थांनी बसायच्या आधीच सांगितलं, "गर्दी काढायची नाही. गाणं ऐकू आलं नाही तरी चालेल, पण गर्दी राहिली पाहिजे."

मी न्यूयॉर्कमध्ये जुनी ध्वनिमुद्रणं डिजिटल करण्याचं काम करते. रिळं, कॅसेटी, तबकड्या. लग्नातली भाषणं येतात, चर्चमधली प्रवचनं येतात, मध्यरात्री रेडिओवरून घाईघाईत टेप केलेले कार्यक्रम येतात. सत्तरच्या दशकातल्या ब्रॉंक्सच्या पार्ट्यांच्या, म्हणजे हिप हॉप या संगीताच्या सुरुवातीच्या काळातल्या, कॅसेटी मात्र क्वचित येतात. ज्यांच्याकडे आहेत ते त्या सहजासहजी हातातून सोडत नाहीत.

हे गृहस्थ शहराच्या बसवर चालक होते, आता निवृत्त. बुटांच्या खोक्यातून त्यांनी एक नव्वद मिनिटांची कॅसेट काढली. लेबलावर निळ्या पेनाने एवढंच लिहिलेलं : पार्क, ऑगस्ट ७८. त्यांचा मोठा भाऊ तेव्हा एका डीजेचं सामान उचलायचा. तबकड्यांनी ठासून भरलेले दुधाचे क्रेट, अ‍ॅम्प्लिफायर, माणसाएवढे स्पीकर, आणि इमारतीची लिफ्ट कायमची बंद. सगळं जिन्यावरून खाली न्यायचं, रात्री परत वर चढवायचं. पैसे मिळायचे नाहीत. मिळायचं ते एवढंच, की कार्यक्रम रंगात आला की एमसी, म्हणजे माइकवर बोलून गर्दीला रंगवणारा, मायक्रोफोनवरून त्याचं नाव घ्यायचा. भाऊ आता नॉर्थ कॅरोलायनात असतो, सत्तरीला आलाय, आणि त्याची नातवंडं म्हणतात आजोबा थापा मारतात.

"त्याचं नाव यात आहे," गृहस्थ म्हणाले. "तेवढं मला काढून द्या."

कॅसेट पाहिली आणि लगेच लावायची नाही असं ठरवलं. टेपला यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या हेडवर दाबून धरणारी आत एक छोटी नमद्याची गादी असते, तिचा गोंद वाळून ती निखळली होती. गादी नसली की टेप हेडला नीट चिकटत नाही आणि आधी जातात ते वरचे सूर. माणसाच्या बोलण्यातले स, च, ट, क सगळे तिथेच असतात, म्हणजे नाव ओळखू यायचं तर तेच हवेत. कवच स्क्रूचं नव्हतं, कडेने जोडून बंद केलेलं होतं. ते सांध्यावर पातीने हळूहळू उकललं, दोन्ही चकत्या टेपसकट उचलून नव्या, स्क्रूच्या कवचात बसवल्या. मग हेडचा कोन. ज्या यंत्रावर मुद्रण झालं त्याचं हेड जेवढं तिरपं असेल तेवढंच माझं तिरपं करावं लागतं. स्क्रू केसभर फिरवायचा, ऐकायचं, पुन्हा फिरवायचा. एका क्षणी धूसर गुणगुणीतून अचानक टाळ्यांची धार बाहेर येते. या कामातला मला सर्वांत आवडणारा क्षण हाच.

त्या दिवशी टाळ्यांबरोबर नावं बाहेर आली. एकामागून एक. अमक्या रस्त्यावरचे तमके आलेत, त्या शाळेतल्या पोरी आल्यात, हा आला, तो आला, ह्याचा आज वाढदिवस. मध्ये दोन ओळींचं यमक, की पुन्हा नावं.

हिप हॉप सुरू झालं ते असंच. ११ ऑगस्ट १९७३ ला वेस्ट ब्रॉंक्समध्ये १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे, त्यासाठी पैसे उभे करायचे होते. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला. नाचणारे कशाची वाट बघतात हे त्याने हेरलं होतं : गाण्यातली ती जागा जिथे सगळे थांबतात आणि फक्त ढोल वाजतो, म्हणजे ब्रेक. तो जेमतेम काही सेकंद असायचा. हर्कने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून तो लांबवत नेला. त्याच्या सोबतीला कोक ला रॉक. त्याने माइक हातात घेऊन आलेल्या दोस्तांची नावं घ्यायला सुरुवात केली. रॅपचं, म्हणजे तालावर यमकात बोलण्याचं, मूळ शोधत गेलं की आपण या हजेरीपाशी पोहोचतो असं मला वाटतं. गोष्ट सांगणं, बढाई, राजकारण हे सगळं नंतर आलं. आधी होतं ते : तू इथे आहेस, मी तुला पाहिलंय.

मी नारायणगावची. तमाशाच्या फडात दौलतजादा करणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारलं जातं तेव्हा त्या माणसाची मान कशी ताठ होते ते मी लहानपणी पाहिलंय. म्हणून त्या गृहस्थांना नेमकं काय हवंय हे मला फार समजावून सांगावं लागलं नाही.

अडचण पुढे आली. कॅसेट जसजशी पुढे सरकत होती तसतसे आवाज चढत होते. सुरुवातीला भारदस्त वाटणारा एमसी अर्ध्या तासाने पोरसवदा वाटायला लागला. टेपरेकॉर्डर बॅटरीवर चाललेला असणार. सेल उतरत गेले, मोटार मंदावत गेली, आणि मंद गतीने भरलेली टेप आज बरोबर गतीने चालवली की आवाज वर चढतो. आता मूळ गती किती हे कसं ठरवायचं? वाजत असलेल्या तबकडीच्या सुरावरून ठरवावं, तर डीजे तबकडीची गती स्वतःच कमीजास्त करतो. तो आधार नाही.

आधार सापडला तो खरखरीत. त्या काळी पार्कमधल्या पार्ट्यांना वीज यायची रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून. खांबाचं झाकण उघडायचं, तारा जोडायच्या. त्या विजेची घूं स्पीकरमधून बाहेर पडत होती आणि टेपवर उतरली होती. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. संगणकावर आवाजाचा आलेख काढला तर तळाशी एक बारीक रेघ दिसली, सुरुवातीला ६० च्या आसपास, शेवटाकडे ६४ च्या जवळ. ती रेघ सपाट केली की सगळं जागेवर. माझा सहकारी, तेवीस-चोवीस वर्षांचा, ब्रॉंक्समध्येच वाढलेला, रात्री लॅपटॉपवर स्वतःचे बीट बनवणारा, त्याने रेघेचे बिंदू धरून गती सरळ केली. एमसी पुन्हा मोठा माणूस झाला.

आपण सवयीने पहिल्यांदा जी घूं पुसून टाकतो, तिनेच या टेपची वेळ आणि सूर राखून ठेवले होते. गृहस्थांची अट नसती तरी यापुढे अशा कॅसेटींच्या बाबतीत मी हीच अट घालेन. त्यांच्या परवानगीने आम्ही तुलनेपुरता एक तुकडा आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून पाहिला. ढोल सुंदर झाला. गर्दी पुसली गेली, आणि गर्दीबरोबर नावांची टोकंही. एमसी नाव टाकतो आणि लोक ओरडून ते उचलतात, असं ते अर्धं-अर्धं बनलेलं होतं. अर्धं काढलं तर उरलेलं अर्धं अर्थहीन.

जेवणाच्या सुट्टीत गृहस्थ आणि माझा सहकारी यांच्यात वाद झाला. गृहस्थांचं म्हणणं, आजचं हे हिप हॉपच नव्हे; पोरं खोलीत एकटी बसून गाणी करतात, एकटी बसून ऐकतात. सहकारी म्हणाला, "आजचे रॅपर फोनवर लाइव्ह येतात तेव्हा बघणाऱ्यांची नावं वाचतात की. तेच तर आहे." मला त्याचं अर्धं पटलं. नाव ऐकू यायची भूक तीच आहे, यात शंका नाही. पण पडद्यावरचं नाव वाचणाऱ्याने तुला स्पीकर उचलताना पाहिलेलं नसतं, आणि तुझ्या शेजारचाही तुला ओळखत नसतो.

मी गृहस्थांनाही विचारलं : तुम्हाला त्या दिवसांची आठवण येते, पण ते दिवस चांगले होते का? साउथ ब्रॉंक्सच्या काही भागांत १९७० ते १९८० या काळात निम्म्याहून अधिक इमारती जळून किंवा ओस पडून गेल्या. क्रॉस ब्रॉंक्स एक्स्प्रेसवे या महामार्गाने त्याआधीच वस्त्या मधोमध चिरल्या होत्या. ते म्हणाले, "आमच्या रस्त्यावर रात्री आगीच्या बंबांचा आवाज रोजचा. त्याची कोण आठवण काढेल? पार्कमध्ये कुणीतरी माझ्या भावाला नावाने हाक मारत होतं, त्याची आठवण आहे." जुन्या हिप हॉपचे चाहते नुसते गतकाळात रमतात असं म्हणणाऱ्यांना मी हे उत्तर ऐकवेन.

बदल कुठे झाला हे मात्र मला बऱ्यापैकी नेमकं दाखवता येतं, कारण तो एका कॅसेटीतूनच झाला. १९७९. न्यू जर्सीतल्या एंगलवुडमध्ये, नदीपलीकडे, बिग बँक हँक नावाचा तरुण पिझ्झाच्या दुकानात काम करताना ब्रॉंक्सच्या पार्टीची टेप लावून सोबत रॅप करत होता. शुगर हिल रेकॉर्ड्सच्या सिल्व्हिया रॉबिन्सनने त्याला घेतलं आणि त्यातून 'रॅपर्स डिलाइट' आलं, या संगीताचं जगभर गेलेलं पहिलं गाणं. हँकने म्हटलेल्या ओळी ब्रॉंक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या एमसीच्या होत्या. त्यात एक ओळ अशी, की हँक स्वतःची ओळख करून देताना 'कॅसानोव्हा फ्लाय' हे नाव एकेक अक्षर सुटं करून सांगतो. ते नाव कॅझचं. तो स्टुडिओत नव्हता, तबकडीवर त्याला श्रेय नाही. जगाने त्याचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं.

तबकडी आली आणि नावं गेली, साहजिकच होतं. दूर ओहायो राज्यात विकायच्या गाण्यात अमक्या रस्त्यावरचा तमका कसा येणार? मी त्या तबकड्यांवर प्रेम करते. न्यूयॉर्कच्याच क्वीन्सब्रिज वस्तीतल्या मार्ली मार्ल या निर्मात्याने जुन्या तबकडीतला एकेक ढोल सुटा करून नवा ताल बांधला, पुढे जेमतेम दहा सेकंद आवाज साठवणाऱ्या एसपी-१२०० यंत्रावर लोकांनी अख्खे अल्बम उभे केले. ते ऐकूनच मी या व्यवसायात आले. तरी खोलीतून तबकडीवर येताना जे सुटलं ते सुटलंच.

आणि ते आता सहज परतही येऊ शकत नाही. १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या विरोधात न्यूयॉर्कच्या कोर्टाने निकाल दिला तेव्हापासून दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा परवानगीशिवाय वापरणं धोक्याचं झालं. डी ला सोलसारख्या नामवंत गटाचे सुरुवातीचे अल्बम अशाच गुंत्यांमुळे मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हते. पार्टीच्या कॅसेटीत तर पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसऱ्यांच्याच तबकड्या वाजतात. कुठलीही कंपनी त्यांना हात लावणार नाही. म्हणून त्या बुटांच्या खोक्यात राहतात, आणि खोक्यांचे मालक म्हातारे होत चाललेत. यावर मला खरोखर चिंता वाटते. विद्यापीठांनी चांगली सुरुवात केली आहे, कॉर्नेल विद्यापीठात २००७ पासून हिप हॉपचा मोठा संग्रह आहे. पण जे लोक कधी रंगमंचावर नव्हते त्यांच्या कपाटांपर्यंत कुणीतरी जायला हवं.

दुपारी चारच्या सुमारास, पहिली बाजू संपत आली असताना, नाव आलं. ढोल चालू होता, एमसी म्हणाला स्पीकर ज्यांनी आणले त्यांच्यासाठी आवाज करा, आणि नाव घेतलं. गर्दीने ते दोनदा परत दिलं. गृहस्थ खुर्चीतून उठले, टेबलावर हात आपटला, आणि लगेच भावाला फोन लावला. आम्ही तो तुकडा फोनवर ऐकवला.

पलीकडून भाऊ म्हणाला, "तो मी नाही."

खोलीत कुणालाच काय बोलावं सुचेना. भाऊ मात्र मजेत होता. त्याच नावाचा दुसरा एक होता, सामान उचलणाराच, उंच, एका पायाने जरासा लंगडणारा. "त्याला कधी कुणी विचारलं नाही, पण स्पीकरचा जड कोपरा नेहमी त्याच्याकडे असायचा. माझं नाव उलट्या बाजूला आहे. पुन्हा लावा, सुरुवातीपासून."

आम्ही पहिली बाजू फोनवर पुन्हा लावली. भाऊ दर नावाला थांबवायचा. ही बेकरीवाल्याची मुलगी. हा नंतर सैन्यात गेला. हे दोघं भाऊ, एका इमारतीतले. सहकारी टंकत होता : मिनिट, सेकंद, नाव, कोण. एरवी आमच्या नोंदपत्रकात कलाकार, तारीख आणि टेपची जात एवढेच रकाने असतात. त्याने न विचारता त्यात 'हजर असलेले' असा नवा रकाना घातला, आणि मी तो पुढच्या सगळ्या पत्रकांसाठी कायम केला.

गृहस्थांना दोन फायली द्यायचं ठरलं, एक टेपवर आहे तशी, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आणि एक गती सरळ केलेली. दोन्हींत गर्दी शाबूत. दुसरी बाजू त्या दिवशी झाली नाही, टेपला विश्रांती हवी होती. भावाने सांगितलंय की तो स्वतः नॉर्थ कॅरोलायनाहून येईल आणि नातवंडांना घेऊन येईल, तोवर ती बाजू कुणी ऐकायची नाही.