सवण्याखालचा फोटो

दसरा झाला की आमच्याकडं एकीकडं लग्नाच्या बुकिंगच्या चौकश्या सुरू होतात आणि दुसरीकडं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्यांची बांधाबांध. माझा स्टुडिओ अंबाजोगाईत, योगेश्वरीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन, सीझनला लग्नं. एक काम मात्र पाटीवर लिहिलेलं नाही. घरातलं माणूस गेलं की लोक त्याचं आधार कार्ड घेऊन येतात आणि त्यातला नखाएवढा फोटो मोठा करून मागतात. तो कितीही ओढूनताणून केला तरी चेहरा पाण्यात पडल्यासारखाच दिसतो.

त्या दिवशी आलेल्या माणसाच्या हातातही आधार कार्डच होतं. मी मनात म्हटलं, आलं.

"दादा, माय हाये अजून," तोच म्हणाला. "पण आमी सहा म्हैने कोयत्यावर. मागं काय झालं तर हेच कार्ड घेऊन येवं लागंल तुमच्याकडं. त्यापरीस आत्ताच नीट काढा. उद्या पहाटं ट्रॅक्टर निघायलाय."

गाव केज रोडला, आत वळून. मी लगेच निघालो, कारण त्या आठवड्यात माझ्याकडं मित्राची ८५ मिमी एफ १.८ लेन्स होती. चार दिवस वापरायला आणली होती. मित्र ती बावीस हजाराला द्यायला तयार होता आणि मी वर्षभर पैसे बाजूला टाकत होतो. पोर्ट्रेटला ८५ च पाहिजे, असं ज्याला विचारावं तो सांगायचा. ती खरंच घ्यायची का, हे या कामात कळलं असतं.

माझा कॅमेरा निकॉन डी ३२००, २०१२ सालचं मॉडेल. सोबत आलेली १८-५५ झूम लेन्स आणि एक जुनी ५० मिमी एफ १.८. ही ५० म्हणजे माझ्या अर्धवट ज्ञानाचं स्मारक. चार वर्षांपूर्वी लातूरच्या एका दुकानात साडेपाच हजाराला मिळाली. टॉर्च मारून बघितली, आत बुरशी नाही, पात्यांवर तेल नाही. खूश होऊन घेतली. घरी येऊन लावली तर ऑटोफोकस होईना. ती 'डी' जातीची निघाली. या लेन्समध्ये मोटर नसते, कॅमेऱ्यातली मोटर एका छोट्या स्क्रूनं तिचा फोकस फिरवते. डी ९० मध्ये, डी ७००० मध्ये ती मोटर आहे. डी ३२०० मध्ये नाही. दुकानदारानं सांगितलं नाही, हे खरं. मी विचारलं नाही, हेही खरं. हजार-दोन हजार जास्त टाकून आत मोटर असलेली 'जी' वाली घेतली असती तर भागलं असतं. वर तिची ॲपर्चरची, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाची, रिंग २२ वर लॉक केली नाही तर स्क्रीनवर 'एफईई' अशी एरर येते. ती काढायची कशी, हे कळायलाच मला दोन दिवस लागले होते.

घर माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं. दारात ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीत पत्र्याची पेटी, सरपण, कोंबड्यांची डालगी. आतली खोली दहा बाय आठची. मागच्या भिंतीला मडक्यांची उतरंड, वर माळवदात सवणं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक. दुपारचा उजेड त्या सवण्यातून एका कडेला पडून सारवलेल्या जमिनीवरून मऊ होत वर येत होता. असला उजेड स्टुडिओत करायला मला छत्री, स्टँड आणि लाइटचं बिल लागतं.

म्हातारी तिथंच पोतं टाकून बसली होती. बाहेर लिंबाखाली भरपूर जागा होती, पण गुडघे धरलेले. "उठाया लावू नको लेकरा," एवढंच म्हणाली.

८५ लावली. मागं सरकत सरकत पाठ भिंतीला टेकली. माझ्यात आणि तिच्यात साडेसहा-सात फूट. चेहरा आणि खांदे, संपली फ्रेम. आणि मला तर तिचे हात पाहिजे होते. उजव्या करंगळीवर कोयत्याची जुनी खूण, मांडीवर एकमेकांत अडकवलेले. ८५ नं हातासकट बसवायची तर अकरा फुटांवर जावं लागलं असतं, म्हणजे भिंतीच्या पलीकडं, शेजाऱ्याच्या गोठ्यात. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर ८५ लावली की फ्रेम साधारण १२८ मिमीएवढी अरुंद होते. हे गणित मला येत होतं. पण पाठीला भिंत लागल्यावर जे कळलं, ते येण्यापेक्षा वेगळं होतं.

बावीस हजाराची लेन्स पिशवीत गेली आणि साडेपाच हजाराची बाहेर आली. ५० ची फ्रेम माझ्या कॅमेऱ्यावर ७५ सारखी येते. त्याच भिंतीला टेकून डोक्यापासून मांडीपर्यंत माय नीट बसली. आता फोकस हातानं. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका स्थिर झाला की फोकस लागला समजायचं. आधी हौसेनं पुढं सरकून १.८ वर, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडून, एक काढला. साडेचार फुटांवर १.८ ला जेमतेम दोन इंच शार्प राहतं आणि म्हातारी बोलताना झुलत होती. नाकाचा शेंडा लख्ख आला, डोळे गेले. मग मागं येऊन २.५ केलं, आयएसओ ८००, शटर शंभर. सावलीची बाजू फार काळी पडत होती म्हणून नातीला वाळत घातलेलं आजोबांचं धोतर आणून पसरून धरायला लावलं. जवळच्या डोळ्यावर हिरवा ठिपका आला, म्हातारी नातीच्या ध्यानाकडं बघून हसली. झालं.

मुलगा स्क्रीन बघून खूश. "मोबाइलवानी मागचं सगळं उडालंय!" म्हणाला. हल्ली प्रत्येकाला मागचं उडवून पाहिजे असतं. पण मोबाइल पदराचे दोन-चार दोरेही उडवतो, तसं इथं झालं नव्हतं, हे त्याला दाखवायचा मोह मला आवरला नाही.

मी सामान आवरायला लागलो तर माय म्हणाली, "अन् ह्यांचा?"

"कुणाचा?"

"लेकाचा, सुनंचा. माझा घेऊन जातेत हे. मी सहा म्हैने काय बघू?"

सून लाजून चुलीकडं वळली होती, तिला ओढून आणलं. तिघं शेजारी बसले, पण ५० मध्ये तिघं मावेनात. शेवटी १८-५५ च. २४ वर ठेवून ४.५, आयएसओ १६००, शटर साठ. तिघं, मागं उतरंड, खुंटीवरची पिशवी, कोनाड्यातला देव, सगळं आलं. फोटोग्राफर म्हणून मला तो फोटो काही खास वाटला नाही. पाठीमागं फार गर्दी.

रात्री दोन्ही ८ बाय १० काढून लॅमिनेट केले आणि पहाटे गाडीवर निघालो. ट्रॅक्टर सुरू झाला होता. आजी दाराला धरून उभी. मुलानं उचलीतल्या, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ मिळालेल्या, पैशातून पाचशेची नोट काढली, मी दोनशे परत दिले. आधी तिचा एकटीचा फोटो तिच्या हातात ठेवला. मला त्याचाच अभिमान होता.

तिनं तो ट्रॅक्टरच्या लाइटपुढं धरला. बराच वेळ बघितला.

"माझी उतरंड कुठं गेली रे?"

"मागं आहे माय, पुसट केलीय. तुमचा चेहरा उठून दिसावा म्हणून."

"सासूची हाये ती," म्हणाली आणि फोटो लेकाकडं दिला.

मग दुसरा हातात घेतला. लेकाच्या तोंडावरून बोट फिरवलं, सुनेच्या, मग मागं सरकत एकेक मडकं मोजत वरच्या झाकणापर्यंत गेली.

"हा ऱ्हाऊ दे मला," म्हणाली.

८५ मी त्याच दुपारी परत करून आलो.