जिल्ह्याच्या लॉ कॉलेजात घालावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. दर उन्हाळ्यात ओळखीतलं कुणीतरी विचारतंच : मुलीला वकील व्हायचंय, इथल्याच लॉ कॉलेजात घालू की बाहेर पाठवू? मी कोल्हापूर-सांगलीकडच्या कोर्टांत वकिली करतो, तेव्हा माझं म्हणणं या भागापुरतं धरा.

आधी तिला काम कुठे करायचंय ते विचारा. कंपन्यांची कामं करणाऱ्या मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचं असेल, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी जिवाचं रान करावं. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं ती आहेत. या फर्म नोकऱ्या द्यायला आपल्याकडच्या कॉलेजांत फारशा येत नाहीत. पण तिथला पाच वर्षांचा खर्च दहा लाखांच्या पुढे जातो. तेवढं कर्ज काढून पुन्हा तालुक्यालाच वकिली करायची असेल, तर मला ते पटत नाही. ज्युनिअर वकिलाच्या हाती सुरुवातीची वर्षं जेमतेम जाण्यायेण्यापुरते पैसे पडतात. हप्ते कशातून फेडणार?

जिल्ह्यातच वकिली करायची असेल तर इथलं कॉलेज खुशाल घ्या. मात्र सकाळी वर्ग आणि दुपारी कोर्ट, असं तिला जमलं पाहिजे. आपल्याकडच्या दिवाणी कोर्टात जमिनीची प्रकरणं केवढी! वाटणीचा दावा, त्यातला निशाणी ५ चा (म्हणजे निकाल लागेपर्यंत मनाई हुकूम मागणारा) अर्ज, सातबारा, जुने फेरफार, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचे हिस्से. दाव्याचा हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम हुकूम, डिक्री) झाला तरी शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसील, मग मोजणी. परीक्षेत यावर चार ओळी लिहून भागतं. हुकूमनामा हातात असून ताबा न मिळालेला म्हातारा शेतकरी समोर येऊन बसला, की आता कुठल्या कचेरीत काय अर्ज द्यायचा ते त्याला सांगावं लागतं. ते चांगल्या सिनिअर वकिलाच्या ऑफिसातच कळतं, आणि असे सिनिअर आपल्या जिल्ह्यात आहेत.

न्यायाधीश व्हायचं म्हणणाऱ्या मुलींनाही हेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. पदवी घेतली आणि थेट परीक्षेला बसलं, हा रस्ता बंद झाला. त्यामुळे सिनिअर कोण मिळणार, याला कॉलेजच्या नावाइतकंच वजन आहे.

आता कॉलेज बघताना इमारत बघू नका. चालू दिवशी जा, वर्ग खरंच भरतोय का बघा. बार कौन्सिलच्या नियमाने ७० टक्के हजेरी लागते, पण काही ठिकाणी ती कागदावरच लागते. कायम प्राध्यापक किती, तासावर येणारे किती, हे ऑफिसात स्पष्ट विचारा. ग्रंथालयात निकालांचे ताजे अंक दिसले नाहीत तर दुसरं कॉलेज शोधा. मुलांच्या उमेदीची पाच वर्षं अशी वाया गेलेली पाहिली की मला फार राग येतो.

राहिलं इंग्रजी. आपल्या जिल्हा आणि तालुका कोर्टात मराठीत काम चालतं. उच्च न्यायालयाचं इंग्रजीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) बसू लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं जे काम मुंबईला जायचं, ते आता इथं आहे. कैफियत (दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर) मराठीत आणि उच्च न्यायालयातली रिट याचिका इंग्रजीत, दोन्ही स्वतः लिहू शकणाऱ्या मुलीला इथं भरपूर काम मिळेल. म्हणून पहिल्या वर्षापासूनच तिने दर आठवड्याला एक निकाल इंग्रजीतून पूर्ण वाचावा, त्यातली हकीकत आणि कारणं स्वतःच्या इंग्रजीत एका पानावर लिहावीत, आणि ते पान एखाद्या वकिलाकडून तपासून घ्यावं. माझ्याकडे आणलं तरी चालेल.