आमची वाटचाल : महागड्या रिळाचे पैसे नेमके कुठे जातात

भांडुपच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात मुळात मासेमारीशी संबंध असलेले काहीच होत नव्हते. वडिलांनी नव्वदच्या दशकात दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन घेऊन जॉबवर्क सुरू केले, तेव्हा पंपांचे शाफ्ट, बुश, कपलिंग आणि औषध कारखान्यांतल्या यंत्रांचे सुटे भाग एवढेच काम असे. पवई तलावावर गळ टाकून बसणारे एक परिचित गृहस्थ बंद पडलेल्या रिळाचा, म्हणजे गळाच्या काठीवर बसवून लाइन (मासेमारीची दोरी) गुंडाळायच्या यंत्राचा, झिजलेला पिनियन घेऊन आले, वडिलांनी तो नवा करून दिला, आणि ही बातमी कर्णोपकर्णी शहरभरच्या हौशी मंडळींपर्यंत गेली. आज आमच्या उलाढालीचा बराच मोठा भाग रिळांची दुरुस्ती, सुटे भाग आणि थोडीफार विक्री यांतून येतो. त्यात स्पिनिंगची (वजनदार आमिष फेकायच्या साध्या रॉडची) रिळेच जास्त असतात, कारण मुंबईत फ्लाय फिशिंग करणारी मंडळी मोजकीच आहेत. मात्र किमतीविषयी सर्वांत जास्त प्रश्न ही मोजकी मंडळीच विचारतात, आणि ते साहजिकही आहे. परदेशात पन्नास-साठ डॉलरपासून हजार डॉलरच्या पुढेपर्यंत रिळे मिळतात, त्यावर कस्टम ड्युटी, जीएसटी आणि कुरिअरचा खर्च चढतो, आणि काचेच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवली तर दोन्ही टोकांची रिळे बरीचशी सारखीच दिसतात.

फ्लाय फिशिंगचे तंत्र गळाच्या इतर मासेमारीपेक्षा वेगळे आहे आणि किमतीचा हिशेब तिथूनच मांडावा लागतो. साध्या रॉडने फेक करताना आमिषाचे किंवा शिशाचे वजन लाइन ओढून नेते. फ्लाय म्हणजे पिसे, केस आणि धागा गुंडाळलेला जवळजवळ वजनहीन गळ, त्यामुळे इथे वजन लाइनलाच असावे लागते, आणि म्हणूनच लाइनचे क्रमांक वजनावरून ठरलेले आहेत. पाच क्रमांकाच्या लाइनच्या पहिल्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम असते. आठ क्रमांकाच्या तेवढ्याच लांबीचे २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. फेक चालू असताना हातात धरलेली लाइन सुटत जाते आणि रीळ तोवर नुसते रॉडला लटकलेले असते. त्याचे पहिले काम लाइन आणि तिच्यामागची जादा दोरी, म्हणजे बॅकिंग, गुंडाळून ठेवणे, आणि दुसरे, मासा पळू लागला की ती एकसारख्या ताणाने सोडणे. पहिल्या कामाला फार पैसे लागत नाहीत. दुसऱ्या कामाला किती लागतील, हे पाणी कोणते आणि मासा केवढा यावर अवलंबून असते.

या यंत्राचा सांगाडा किती जुना आहे हे पाहिले की बराचसा झगमगाट आपोआप ओसरतो. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या ऑर्व्हिसने १८७४ मध्ये बाजूंना भोके पाडलेल्या अरुंद रिळाचे पेटंट घेतले. भोकांमुळे वजन घटले आणि ओली लाइन वाळू लागली. आजची बहुतेक फ्लाय रिळे त्याच घडणीची आहेत. इंग्लंडमध्ये अ‍ॅनिक गावी १८७२ मध्ये सुरू झालेल्या हार्डी कंपनीचे ‘परफेक्ट’ रीळ १८९१ चे आहे. दातेरी चाक, त्यावर टकटकणारा खटका आणि स्प्रिंग, एवढ्यावर त्याचा ताण चालतो, आणि त्या धाटणीच्या रिळांवर लोक आजही ट्राउट पकडतात.

मुलुंडचे एक तरुण गिऱ्हाईक हिमाचलातल्या तीर्थन नदीवर जाण्याची तयारी करत आमच्याकडे आले होते. “काका, एकदाच चांगलं घेऊन टाकतो, पन्नास हजारांपर्यंत चालेल,” असे त्यांचे म्हणणे होते. तिथला ट्राउट बहुधा पाव-अर्धा किलोचा, कधीमधी किलोच्या पुढचा. तो पळाला तरी हाताने लाइन ओढूनच आत घेता येतो आणि बॅकिंगपर्यंत पाळी सहसा येत नाही. मी त्यांना सात-आठ हजारांचे साधे डिस्क ड्रॅगचे, म्हणजे चकत्यांच्या घर्षणाने सुटत्या लाइनवर ताण ठेवणारे, रीळ दाखवले आणि उरलेल्या पैशांतून उत्तम लाइन व बऱ्यापैकी रॉड घ्यायला सांगितले. फेक लाइन आणि रॉडवर ठरते, आणि लाइनवरचा पीव्हीसीचा थर कालांतराने चिरतो, म्हणून त्या खर्चाची पाळी पुन्हा येणारच असते. शिवाय तिथले ट्राउटचे पाणी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, तेव्हा चार महिने ते रीळ कपाटातच राहणार होते. व्यापारी म्हणून हा सल्ला आतबट्ट्याचा वाटेल. वडिलांना तो तसा वाटतही असे आणि त्यावरून आमचे खटके उडत. माझा अनुभव असा की सात हजारांचे रीळ नेलेला माणूस लाइन, लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा बारीक दोरा) आणि सर्व्हिसिंगसाठी परत येतो, आणि पन्नास हजारांचे उगाच नेलेला माणूस नंतर ते विकून देता का, असे विचारायला येतो.

खाऱ्या पाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मुंबईत बसून तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही. खाडीत जिताड्यासाठी, खडकावरून किंवा अंदमानात जायंट ट्रेव्हलीसाठी वापरलेले स्वस्त रीळ आमच्या टेबलावर उघडले की आत जे दिसते ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. स्वस्त रिळाची चौकट बहुधा डायकास्टची, म्हणजे वितळलेले अ‍ॅल्युमिनियम साच्यात दाबून केलेली असते. त्या मिश्रधातूत सिलिकॉन जास्त असते आणि आत बारीक पोकळ्या राहतात, त्यामुळे त्यावर अ‍ॅनोडायझिंग नीट बसत नाही आणि वरून रंग किंवा पावडर कोटिंग देतात. रंगाला एक चरा गेला की मीठ त्याखालून शिरते आणि रंगाला फोड येतात. याहून वाईट अवस्था स्क्रूंची होते. अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि मधे खारे पाणी आले की दोन धातूंचा विद्युत घटच तयार होतो, त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये घट्ट बसते. असा स्क्रू रात्रभर तेलात भिजवून, हीट गनने चौकट तापवूनही सुटला नाही, तर डोके कापून डाव्या आट्यांच्या ड्रिलने उरलेला दांडा बाहेर काढावा लागतो आणि भोकाला नवे टॅप मारावे लागते. या खटाटोपाची मजुरी कधी कधी रिळाच्या किमतीइतकी होते, तेव्हा ते न करण्याचा सल्ला आम्हीच देतो.

महाग रिळाची चौकट ६०६१-टी६ जातीच्या भरीव अ‍ॅल्युमिनियम बारमधून मशीनवर कोरून काढतात. त्यातला बहुतांश धातू कीस होऊन ट्रेमध्ये पडतो, आणि गिऱ्हाईक त्या किसाचे व मशीनच्या तासांचेही पैसे देत असते. पण हा धातू एकजीव असल्यामुळे त्यावर अ‍ॅनोडायझिंग उत्तम बसते. तो वरून फासलेला थर नसतो, आम्लाच्या टाकीत वीज सोडून धातूचाच पृष्ठभाग ऑक्साइडमध्ये बदललेला असतो. साध्या रंगीत अ‍ॅनोडायझिंगची जाडी बहुधा २५ मायक्रॉनच्या आत असते आणि हार्ड अ‍ॅनोडायझिंगची ५० मायक्रॉनपर्यंत जाते. ड्रॅगच्या चकत्या ओ-रिंग आणि सीलच्या मागे बंद डबीत असतात, त्यामुळे मीठ, वाळू आणि पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. समुद्रासाठी या दोन गोष्टींना दिलेले पैसे मला कधीच वाया गेलेले वाटले नाहीत.

ड्रॅगचा विषय मात्र जाहिरातींनी फार फुगवला आहे. खोक्यावर दहा-बारा किलोच्या ताणाचे आकडे छापलेले असतात. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या विक्रमांसाठी फ्लायच्या टिपेटचा (लीडरचे फ्लाय बांधायचे शेवटचे टोक) सर्वांत जाड वर्ग १० किलोचा आहे, आणि ड्रॅग साधारणपणे टिपेटच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश लावतात, म्हणजे तिथेही तीन-साडेतीन किलो पुरतात. विक्रमाची फिकीर नसलेले लोक अंदमानात याहून बरेच जाड टिपेट बांधतात हे खरे, पण आडवा धरलेला रॉड आणि माणसाचा हात दहा किलोंचा ताण फार वेळ सोसत नाहीत. आम्ही रीळ टेबलावर पकडीत बसवतो, लाइन पुलीवरून डिजिटल काट्याला जोडतो आणि दोन आकडे पाहतो : लाइन सुटायला लागतानाचा पहिला झटका आणि सुटत असतानाचा स्थिर ताण. या दोहोंतले अंतर जितके कमी तितके रीळ चांगले. स्वस्त रिळात स्थिर ताण दीड किलोवर लावलेला असताना पहिला झटका दोनच्या वर जाऊ शकतो, आणि बारीक टिपेट तुटते ती नेमकी त्याच क्षणी. चांगल्या कार्बन किंवा कॉर्कच्या ड्रॅगमध्ये काट्यावरचा आकडा जवळजवळ हलत नाही. लाइन आत घेताना मोकळे फिरणारे आणि ती सुटू लागली की अडकून ड्रॅगला कामाला लावणारे क्लच बेअरिंगही महाग रिळात चोख बसलेले असते. स्वस्त रिळात त्याच्या रोलरना गंज चढला की ते घसरते आणि ड्रॅग असून नसल्यासारखा होतो.

यापेक्षाही दुर्लक्षित बाब स्पूलच्या, म्हणजे लाइन ज्यावर गुंडाळतात त्या चाकाच्या, व्यासाची आहे. ड्रॅगचा पीळ तोच राहतो, पण लाइन निघून गेली की उरलेल्या गुंडाळीची त्रिज्या घटते आणि लाइनवरचा ताण वाढतो. पाच सेंटिमीटर त्रिज्येवर लावलेला दोन किलोचा ताण तीन सेंटिमीटरवर सव्वातीन किलोच्या पुढे जातो, आणि तोही मासा सर्वांत दूर असताना. मोठ्या गाभ्याच्या, म्हणजे लार्ज आर्बरच्या स्पूलमध्ये हा फरक बराच कमी होतो. शिवाय फ्लाय रिळात मुठीच्या एका फेऱ्यात स्पूलचा एकच फेरा होतो, त्यामुळे दहा सेंटिमीटर व्यासावर एका फेऱ्यात ३१ सेंटिमीटर लाइन आत येते आणि सहा सेंटिमीटरवर जेमतेम १९. रामगंगा किंवा सरयूवरचा महसीर लाइन घेऊन प्रवाहाच्या दिशेने सुटतो आणि मग अचानक उलटा फिरतो, तेव्हा हे बारा सेंटिमीटर कामी येतात. (आपल्या सह्याद्रीच्या नद्यांत महसीरचा भाऊबंद खडशी आहे आणि लोणावळ्याला वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात महसीरची पैदास अनेक वर्षे चालू आहे, तरी आमची गिऱ्हाइके मात्र उत्तराखंड गाठतात.) सोनेरी महसीर संकटग्रस्त असल्याने तो पकडून सोडून द्यायचा असतो, आणि झुंज जितकी आटोपशीर तितका तो सोडल्यावर जगण्याची शक्यता जास्त. म्हणून मोठ्या नदीवर जाणाऱ्याला आम्ही मधल्या किमतीचे, पण मोठ्या गाभ्याचे आणि झटका न देणाऱ्या ड्रॅगचे रीळ सुचवतो.

त्यापुढच्या किमतीत काय मिळते? काही ग्रॅम वजन कमी होते, मुठीची पकड सुबक असते, बाजूंवर माशाच्या खवल्यांची नक्षी येते, आणि नावाचा मान असतो. हौसेला मोल नसते, आणि ज्यांना ते परवडते त्यांना आम्ही ऑर्डर देऊन मागवून देतो, पण असला माल गाळ्यात ठेवत नाही. या वर्गात मला एकच गोष्ट खरोखर मोलाची वाटते : पंधरा-वीस वर्षांनीही सुटा भाग पाठवणारी कंपनी. तीही सगळ्या कंपन्यांच्या बाबतीत खरी नाही. एका परदेशी कंपनीने मॉडेल बंद केले आणि आमच्या गिऱ्हाइकाच्या बऱ्याच महाग रिळासाठी तिच्याकडे सीलसुद्धा शिल्लक नव्हते.

एका टप्प्यावर आपणच रीळ का बनवू नये, असा विचार आम्ही गंभीरपणे केला होता. संगणकावर चालणारे सीएनसी मशीन होते, टर्नर पक्के होते. धाकट्या भावाने सगळा खर्च मांडला : बार, मशीनचे तास, वसईकडे अ‍ॅनोडायझिंगला पाठवण्याचा खर्च, तिथे छोट्या लॉटला लागणारा चढा दर आणि प्रत्येक लॉटला बदलणारी रंगाची छटा, कार्बनच्या चकत्या, क्लच बेअरिंग, सील आणि खोके. पन्नास-शंभर नगांच्या लॉटला आमचे रीळ आयात केलेल्या मधल्या वर्गातल्या रिळाच्या किमतीला जाऊन भिडत होते, आणि तेही नाव किंवा आजीवन वॉरंटी नसताना. या हिशेबाने महाग रिळाविषयीचा माझा आकस बराच निवळला, कारण लहान लॉटमध्ये चोख काम स्वस्तात होत नाही हे आपल्याच वहीत लिहिलेले दिसले. आम्ही मग रिळाऐवजी मुठी, रिळाचे पाय, जादा स्पूल आणि ड्रॅगच्या चकत्या बनवायला घेतल्या. तो धंदा लहान आहे, पण उधारी नसलेला आहे.

आमचा हंगामही आता ठरून गेला आहे. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, पाऊस आणि खवळलेला समुद्र पाहून हौशी मंडळीही घरी बसतात आणि रिळे सर्व्हिसिंगला येतात. त्यातली निम्मी दुखणी टाळता येण्याजोगी असतात. समुद्रावरून आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावे, जोराचा फवारा मारू नये, वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवावा म्हणजे कॉर्क दबून राहत नाही. ओले रीळ निओप्रीनच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नये, कारण मुंबईच्या पावसाळ्यात ती पिशवी वाळतच नाही. ही काळजी घेतली तर मधल्या किमतीचे रीळ समुद्रावरही अनेक वर्षे टिकते, आणि न घेतली तर सर्वांत महाग रिळाचे स्क्रूसुद्धा धरून बसतात.

सुट्या भागांपैकी मेट्रिक मापाचे बेअरिंग, ओ-रिंग आणि ऑइल सील आम्हाला नागदेवी स्ट्रीटवर त्याच दिवशी मिळतात. अमेरिकन रिळांची इंची मापे मात्र तिथे फिरून हाती लागतीलच असे नाही आणि परदेशातून येण्यात आठवडे जातात. पुढच्या पावसाळ्याआधी इंची क्लच बेअरिंगचा थोडा जास्त साठा मागवायचे आम्ही ठरवले आहे, कारण आमच्या पाहण्यात महाग रीळ कपाटात पडून राहते ते बहुतेक वेळा या एका बेअरिंगपायी.