आईच्या गुडघ्यांसाठी फूटस्टेप

महिंद्राची थार ही उंच गाडी घेतली तेव्हा आईने एकच विचारलं, "अरे, यात मी चढू कशी?" २२६ मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांतलं अंतर, मला हवाच होता, पण तिच्या गुडघ्यांना ती उंची झेपेना. दुकानदाराने रुंद, चकचकीत ॲल्युमिनियमचा फूटस्टेप, म्हणजे दाराखालची चढायची पायरी, गळ्यात मारला. मुळशीकडे शेताच्या वाटेवर पुढच्या-मागच्या चाकांमध्ये एक धोंडा आला आणि पट्टी अशी वर वळली की डावं दार अर्ध्यातच अडलं.

आता लोखंडी पाइपचा, गाडीच्या अंगाला चिकटून बसणारा घेतलाय. घेण्याआधी गाडीखाली आडवा होऊन फूटस्टेप धरणारे ब्रॅकेट पाहिले. ते थेट चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बोल्ट केलेले हवेत, बॉडीच्या पत्र्याला नाही. पाय ठेवायच्या जागी भोकांचा खरखरीत पत्रा आहे, त्यातून लाल चिखल खाली गळतो. गुळगुळीत रबरावर पावसाळ्यात चप्पल सटकते. गाडी दगडावर टेकणार असेल तर मात्र गाडीचा भार पेलणारा जाड, वजनदार दांडा, म्हणजे रॉक स्लायडरच लागतो. माझी वाट तेवढी अवघड नाही.

काल आई दाराजवळची मूठ धरून, दुसऱ्या हाताने निऱ्या सावरत एकटी चढली. मी नुसता बघत उभा होतो.