तुम्ही विचारलंत म्हणून : ‘लाडके शहर निश्चिंत झोपू शकते’

सोव्हिएत वैमानिकांवरचे जुने चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहतो हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : ‘ते तर निव्वळ प्रचारपट, त्यांत पाहण्यासारखे काय आहे?’ प्रचारपट आहेत, हे मान्यच आहे. परंतु तरुणांना विमानाची ओढ लावायची आणि त्याच वेळी त्यांना शिस्तही शिकवायची, या दोन कामांत त्या चित्रपटांची जी ओढाताण होते, ती मला पाहायची असते.

युली राइझमन यांच्या १९३५ सालच्या ‘वैमानिक’मध्ये बेल्याएव हा कसलेला पण बेफिकीर वैमानिक कसरतीच्या हौसेपायी विमान पाडतो, आणि चित्रपटाचा मान मात्र मिळतो तो रोगाचोव या आजारी, मितभाषी प्रशिक्षण-प्रमुखाला. मिखाईल कलातोझोव यांच्या १९४१ सालच्या ‘वालेरी च्कालोव’मध्ये पारडे फिरते. मॉस्कोहून उत्तर ध्रुवावरून अमेरिकेला गेलेला हा वैमानिक १९३८ मध्ये नव्या विमानाची चाचणी घेताना मरण पावला होता. पडद्यावर तो लेनिनग्राडच्या पुलाखालून विमान नेतो, त्याबद्दल बोलणी खातो, पुढे स्टालिनच्या भेटीने मार्गावरही येतो, पण कॅमेरा पहिल्यापासून त्या व्रात्यपणावरच भाळलेला आहे.

मला सर्वांत अस्वस्थ करते ते ‘लढाऊ वैमानिक’ या १९३९ सालच्या चित्रपटातले गाणे. त्यात मार्क बेर्नेस शांतपणे गातो की लाडके शहर निश्चिंत झोपू शकते. हा चित्रपट कीवच्या स्टुडिओत तयार झाला होता, आणि २२ जून १९४१ च्या पहाटे जर्मन बॉम्ब कीववरच पडले. त्या एका दिवसात सोव्हिएत हवाई दलाने हजाराहून अधिक विमाने गमावली, त्यांतली बहुतेक जमिनीवरच उभी होती. हे ठाऊक असताना ते गाणे ऐकवत नाही, आणि तरीही चाल मनातून जात नाही.

युद्ध संपता संपता सेम्योन तिमोशेंको यांनी केलेला विनोदी चित्रपट मी च्कालोवच्याही वर ठेवतो (यावरून माझे वाद झाले आहेत). त्यातल्या मेजर बुलोच्किनला जखमी झाल्यावर डॉक्टर लढाऊ विमान चालवू देत नाहीत, आणि त्याच्या वाट्याला येते लाकूड-कापडाचे, दुपंखी, संथ यू-२. स्त्रियांच्या ५८८ व्या रात्र-बॉम्बफेकी रेजिमेंटने खऱ्या युद्धात हेच विमान वापरले होते. निकोलाय क्र्युच्कोव यांचा रुबाबदार मेजर त्या खटाऱ्यापुढे ओशाळून उभा राहतो.