कॅमेरा कलर, मग फोटो ब्लॅक अँड व्हाइट काऊन?

"दादा, एवढा महागाचा कॅमेरा घेतला अन् फोटो ब्लॅक अँड व्हाइट काऊन काढता?" मी नागपुरातले मेट्रोचे पूल, नव्या बिल्डिंगा, दीक्षाभूमी असलं काढत असतो, त्यामुळे हे घरचेही विचारतात आणि टपरीवरचेही. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा नीट सांगतो.

पहिलं कारण फ्लेक्स, हसू नका. वर्धा रोडचा डबल डेकर पूल घ्या, खाली रस्ता, मधे फ्लायओव्हर, वर मेट्रो, ३.१४ किलोमीटर, गिनीजमध्ये नाव गेलंय, खालून वर बघितलं तर एकेका खांबावर दोन-दोन मजले तोललेत. पण कलर फोटोत नजर आधी जाते ती कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांवर! ब्लॅक अँड व्हाइट केलं की फ्लेक्स गायब नाही होत, गप्प बसतो. मी काढतो कलरमध्येच, रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळं कच्चं जसंच्या तसं, नंतर कॉम्प्युटरवर ब्लॅक अँड व्हाइट करताना प्रत्येक रंग उजळ-गडद करायची पट्टी, स्लायडर, वेगळी मिळते, ऑरेंज अन् येलो जरा वर सरकवला की भगवा-पिवळा बॅनर काँक्रीटच्या करड्यात मिसळून जातो. पक्ष कोणताही असो, स्लायडर आहे.

दुसरं म्हणजे आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा आभाळ निळं नसतंच, पांढरंफटक असतं. लोक सांगतात लाल फिल्टर लाव, आभाळ काळंभोर येईल. अरे पण लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, निळं काही नसेलच तर तो अडवणार काय? म्हणून उन्हाळ्यात मी आभाळ जवळपास कापूनच टाकतो आणि सावल्या काढतो, त्या तेव्हा सुरीनं कापल्यासारख्या पडतात. आभाळाचा नाद ऑक्टोबरमध्ये. अन् ते एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लावून शटर बराच वेळ उघडं ठेवून ढगांचे पट्टे ओढायची फॅशन आहे ना, मला नाही आवडत, बिल्डिंग नागपूरची की दुबईची तेच कळत नाही.

खरी मजा दीक्षाभूमीच्या स्तूपात. आर्किटेक्ट शिवदानमल, २००१ मध्ये लोकार्पण झालं, घुमट १२० फूट उंच आणि तेवढाच रुंद. सकाळी बाजूनं ऊन आलं की एका कडेला लख्ख पांढरं अन् दुसऱ्या कडेला गडद, मधे उजेड संपतो कुठं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर इथं हमखास फसतं, एवढं पांढरं बघून ते सगळंच करडं करून टाकतं, म्हणून एक स्टॉप वर घ्यायचं, म्हणजे उजेड दुप्पट, पण हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोत काळं-पांढरं किती ते दाखवणाऱ्या आलेखावर, डोळा ठेवून, कारण पांढरा एकदा जळला की दगडांचे सांधे गेलेच समजा.

आणखी एक सांगतो. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं आर्किटेक्ट राज रेवाल यांचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनाचं सभागृह, १९७२ चं, ते २०१७ मध्ये पाडलं. फोटोग्राफर मदन महत्तांनी काढलेले त्याचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो बघा, काँक्रीटची जाळी कशी विणलीय ते नुसत्या उजेड-सावलीत समजतं.

बाकी हट्ट वगैरे काही नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जातो तेव्हा कलरच काढतो, पांढऱ्या कपड्यांचा तो एवढा जनसागर अन् त्यावर निळे झेंडे, ते निळे करडे करायला माझा हात धजत नाही.